पुढची दोरी

कॅम्प विकला गेला. सह्या झाल्या.
चूल, कुऱ्हाडी, सौनातले दगडसुद्धा
खरेदीदाराच्या यादीत गेले.
राहिली ती ही सोळा फुटी कनू,
देवदाराच्या पातळ फळ्या, वर ताणलेलं हिरवं कापड,
बापाने दोन हिवाळे घालून बांधलेली.
या नावेला त्याने कधी नाव दिलं नाही.

तो एकटा उचलायचा तिला, टोपीसारखी डोक्यावर.
मला नाही जमत.
म्हणून रेइनोला फोन केला, अकरा महिन्यांनी.
"किती वाजता?" एवढंच विचारलं त्याने.

एक, दोन, मांडीवर. मग खांद्यावर.
मग गाडीच्या टपावर, पालथी,
काठांखाली फोमचे चार ठोकळे.
"डावीकडे जरा."
"बास."
"मागे घे, वीतभर."
वर्षभरात याहून लांब संभाषण झालं नव्हतं आमचं.

दोन पट्टे, पोटावरून, दांड्यांना.
मी कळ दाबत राहिले, कट् कट् कट्,
तोवर त्याने माझं मनगट धरलं.
"काठ चिरेल, इर्या. तुटेपर्यंत ताणायचं नसतं."
मी काही म्हणाले नाही.
म्हणण्यासारखं होतं.

मग दोऱ्या. एक मागे.
दोन पुढे, नाकापासून बॉनेटच्या दोन कोपऱ्यांपर्यंत.
गाठ अशी हवी, बाप सांगायचा, ओठांत खिळे धरून,
की वाऱ्याला सुटू नये
आणि गारठलेल्या बोटांना सुटावी.
रेइनोने एका दमात घातली.
मी तीनदा, आणि तरी ती गाठ वाटेना, गुंता वाटे.
शेपटाला कांद्यांची लाल जाळी बांधली,
मागच्या गाड्यांना दिसावी म्हणून.

दहा किलोमीटरवर थांबायचं, हा घरचा नियम.
सगळं हादरून जागेवर बसतं
आणि बसलं की सैल होतं.
खाली उतरून त्याने पट्टा ओढला. दोन बोटं ढिला.
कोणाचा दोष नाही. पुन्हा आवळला.

अपसाला मागे पडलं आणि आवाज सुरू झाला.
आधी गुणगुण, मग घूं घूं,
मग माझ्या दाढांमध्ये.
रेइनोने रेडिओ लावला, बंद केला.
रेथजवळ ती पाटी आहे ना,
इथून पाणी उत्तरेला जातं, इथून दक्षिणेला,
तिथे गाडी बाजूला घेतली.

"पट्ट्याला पीळ द्यायचा राहिला," तो म्हणाला.
सपाट पट्टा वाऱ्यात ओरडतो.
एक पीळ दिला की गप्प.
आमच्या घरात पीळ पिढ्यानपिढ्या,
सुंभ जळून राख झालं तरी,
आणि जिथे खरंच हवा होता तिथे विसरलो.
"चुकलं माझं," तो म्हणाला.
पट्ट्याबद्दलच म्हणाला असावा.

पुढे लाकडांचा ट्रक समोरून आला,
वाऱ्याची थप्पड, नाव जराशी वळली,
काचेपलीकडे उजवी दोरी ढिली पडली, क्षणभर,
आणि पुन्हा ताठ.
"ऐंशीवर ठेव," मी म्हणाले.
त्याने पंच्याहत्तरवर ठेवली.
मग काकाबेकापर्यंत आम्ही दोघं
रस्त्यापेक्षा त्या दोरीकडेच जास्त बघत होतो.

घरी पोचलो तेव्हा पाऊस,
पालथ्या नावेवरून दोन्हीकडे ओघळणारा.
त्याच्या गाठी एका झटक्यात सुटल्या.
माझी सुटेना.
नखं झाली, दात झाले,
शेवटी मी स्वयंपाकघरातून काटा आणला,
तो उजेड धरून उभा.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला,
आणि तिथेच थांबला.
मी काट्याचं टोक
दोरीच्या पेडात आणखी थोडं आत घातलं.